सातारा ते सांगली, सावकाश

आमची भाची अमेरिकेतल्या एका लहान गावात राहते. फोनवर सांगते, "मावशी, इथे रस्त्यात अनोळखी माणूससुद्धा हसून हात करतो, पण तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नाही. काकांना घेऊन एकदा या." आमचे पासपोर्ट अजून व्हायचे आहेत. तेव्हा आम्ही उभयतांनी चार दिवसांची अर्जित रजा टाकली आणि आधी आपलेच दोन जिल्हे निवांत पाहायचे ठरवले. आजवर सातारा-सांगलीला गेलो ते लग्नाला, मयताला किंवा मेळाव्याला. सकाळी उतरायचे, भाषणे ऐकायची, संध्याकाळची एस.टी. धरायची. गावात रेंगाळणे म्हणून कधी झालेच नव्हते.

साताऱ्याला पोवई नाक्यावर उतरलो आणि राजवाड्यापर्यंत पायीच निघालो. लहान शहरात दुकानदाराला घाई नसते. कंदी पेढे घ्यायला थांबलो, तर मालकाने आधी एकेक पेढा हातावर ठेवला आणि मग विचारले, "पाव्हणं, गाव कोणतं?" मुंबई म्हणून सुटका नाही. "मुंबई न्हवं हो, मूळ गाव?" ते सांगितल्यावर त्या गावात त्यांची चुलतबहीण दिल्याचे निघाले. पावशेर पेढ्यांना वीस मिनिटे लागली. आम्हाला ते आवडले.

राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलची पायरी चढताना मात्र दोघेही गप्प झालो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव या शाळेत घातले गेले. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी लिहिले आहे, की वर्गात बसायला त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे आणि नळाचे पाणी शिपायाने तोटी उघडली तरच मिळे. साताऱ्यात न्हाव्यांना काही तोटा नव्हता, तरी या घरच्या मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापत असे.

बाहेर आलो तर ह्यांनी समोर दिसलेल्या सलूनची पायरी चढली. घरी पाच मिनिटांत दाढी उरकणारा माणूस अर्धा तास खुर्चीत डोळे मिटून बसला. कारागीर ऊस, पाऊस आणि निवडणूक यांवर बोलत होता, आम्ही बाकावर बसून ऐकत होतो. ह्यांना काय वाटत असेल ते आम्ही विचारले नाही. नंतर गालावरून हात फिरवत एवढेच म्हणाले, "तुरटी चांगली लावली."

दुसऱ्या दिवशी पॅसेंजर गाडीने सांगलीकडे निघालो. वाटेत मसूर लागते. १९०१ साली भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून याच स्टेशनवर उतरली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियर होते, दुष्काळातल्या तलावाच्या कामावर. पोरे नव्या कपड्यांत, जरीच्या टोप्या घालून निघाली होती. जात कळल्यावर एकही गाडीवान मिळेना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही गाडी पोरांनी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. डब्यात खायला भरपूर होते, पण रात्रभर कोणी पाणी दिले नाही. म्हणजे घास पुढ्यात असून पोरे उपाशीच झोपली. गाडी थांबली तशी ह्यांनी खाली उतरून नळावर बाटली भरून आणली. शेजारच्या आजींनी ती मागून घेतली, वरूनच घोटभर प्यायल्या आणि परत दिली. आजी साऱ्यांचीच बाटली वरून पीत असतील; आम्ही त्यात फार शिरलो नाही.

सांगलीत संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलो. जवळच एक निवृत्त गृहस्थ बसले होते. त्यांनी बसायला आपले वर्तमानपत्र दिले, १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल दाखवला आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी सत्तावन्न फुटांवर कसे गेले ते हाताने मापून सांगितले. त्या पुरात लोकांनी एकमेकांना कसे सांभाळले ते सांगताना त्यांचा गळा दाटून आला. मग गाव विचारले. मग आडनाव. आम्ही सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुमच्यात शिक्षण फार पुढं गेलं हं आता."

तुमच्यात! माणूस वाईट नव्हता, उठताना हात जोडून गेला. गाव विचारणाऱ्या तोंडाची माया आम्हाला खरीच वाटते. त्यामागून आडनाव येते, तेव्हा मात्र आमच्या पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे, की परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे ते विसरूनच गेले होते. १९१७ साली बडोद्यात पोचताच राहायचे कुठे, या प्रश्नाने ते पुन्हा आठवले. आम्हाला घाटावर भाचीच्या गावातली न विचारणारी माणसे आठवली. पण ती माणसे चुलतबहिणीपर्यंत तरी कशी पोचणार, असे ह्यांचे म्हणणे. यावर आमचे रात्री बरेच वाजले.

शेवटच्या दिवशी मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलो. इथल्या कारागिरांचे पूर्वज हत्यारे घडवीत, पुढे ते वाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले. आम्ही गावाचे नाव तयारच ठेवले होते.

"वाजवता का?" त्यांनी विचारले.

नाही म्हटले. तरी त्यांनी आम्हाला सतरंजीवर बसवले, तंबोरा मांडीवर दिला, तारेवर बोट कुठे आणि किती हलके ठेवायचे ते दाखवले. पहिल्यांदा खर्र झाले. दुसऱ्यांदा तार बोलली आणि बराच वेळ बोलत राहिली. हे घड्याळाकडे पाहत होते. नंतर त्यांनीही बूट काढले आणि शेजारी येऊन बसले. दुपारची गाडी गेली.