शेवटच्या ओळीचा संशय

आमच्या धंद्यात दुरुस्तीला सोपा संगणक कोणता, तर ज्याच्यावर काहीतरी चूक लिहून येते तो. 19 जुलै 2024ला एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं कोसळली. विमानतळांवर रांगा लागल्या. पण तेव्हाही निळ्या पडद्यावर फाइलचं नाव आलेलं होतं: सीएसएजंट डॉट सिस. सेफ मोडमध्ये शिरायचं, त्या सॉफ्टवेअरची बिघडलेली फाइल उडवायची. यंत्रागणिक करायचं म्हणून काम कंटाळवाणं, पण त्यात कोडं नव्हतं.

घाम काढतो तो बूट होता होता मध्येच थिजणारा. निळा पडदा नाही, बीप नाही, पंखा मात्र जोरात. धुळ्यात आग्रा रोडवरचा दुकानदार म्हणतो, ‘हँग होतोय.’ साक्रीकडचे बाबा म्हणतात, ‘चालू तं व्हस भाऊ, पन पुढे जात नही.’ बाबांचं सांगणं माझ्या जास्त कामाचं, कारण पुढचा प्रश्न तोच असतो: कुठवर जातो? कंपनीच्या लोगोवरच अडला, तर विंडोजला शिव्या देऊन उपयोग नाही. तिची पाळी अजून आलेलीच नाही. टिंबं गोल फिरता फिरता थांबली, तर बहुधा एखादा ड्रायव्हर किंवा डिस्क. आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडत असेल, तर मी सॉफ्टवेअरकडे बघतही नाही. रॅम काढतो, खोडरबरने तिचे सोनेरी दात घासतो, मदरबोर्डावरचे कपॅसिटर वरून फुगलेत का ते बोटाने चाचपतो, दुसरी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, लावून बघतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, वर धूळ. मशीनच्या पोटात काय काय साठतं ते उघडल्याशिवाय कळत नाही.

2001 साली एमएससीआयटी ही संगणकाची परीक्षा सुरू झाली, त्याच वर्षी विंडोज एक्सपी आली, आणि गल्लोगल्ली क्लास निघाले. त्या काळच्या दुरुस्तीवाल्यांना ‘मप डॉट सिस’ हे नाव विचारून बघा. एक्सपी अडली की सेफ मोड लावायचा. पडद्यावर ड्रायव्हरांची नावं सरसर उतरायची आणि मप डॉट सिसवर थांबायची. झालं, लोक ती फाइल बदलत बसायचे. ती बिचारी निर्दोष असायची. ती यादी होती बूटलोडरने मेमरीत आणून ठेवलेल्या फायलींची. यादी संपली की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ताबा घेऊन एकेकाला कामाला लावायचा, आणि घोळ व्हायचा तिथे. शाळेच्या हजेरीत शेवटचं ‘हजर’ म्हणणाऱ्या पोराला छडी मारण्यातला प्रकार. गडबड त्याच्यानंतरच्याची, ज्याचा आवाजच आला नाही.

मग लॉग का बघत नाही, असं नवशिकी पोरं विचारतात. लॉग डिस्कवर लिहिला जातो. डिस्कचा ड्रायव्हर उठायच्या आधीच यंत्र थिजलं, तर लिहिणार कुठे? म्हणून पडद्यावर जे दिसेल तेच हाती. लिनक्स यात मोकळ्या मनाची. ग्रब या तिच्या बूटलोडरच्या मेनूत ‘ई’ दाबायचं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ खोडायचे, एफ-10 दाबायचं. चकचकीत चित्र जातं आणि ओळी पळायला लागतात. त्यातूनही कळलं नाही तर त्याच ओळीत ‘इनिटकॉल डिबग’ आणि ‘इग्नोर लॉगलेव्हल’ लिहायचं. आता कर्नल प्रत्येकाला आत पाठवताना एक ओळ लिहितो आणि तो परत आला की दुसरी. आत गेला आणि परतला नाही, त्याच्यावर आपला संशय.

ओळी थांबल्या की मी आधी कॅप्स लॉक दाबतो. दिवा लागला, विझला, तर कर्नल जिवंत आहे. नुसता पडदा गेलाय. मग ‘नोमोडसेट’ लिहून ग्राफिक ड्रायव्हरला बाजूला बसवायचं. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नल पॅनिक. दिवा ढिम्म असेल तर मात्र चहा मागवावा.

आमच्याकडे या सगळ्यावर एकच औषध चालतं: ‘फॉरमॅट मारून दे.’ मला त्याचा राग येतो. फॉरमॅटने कधी कधी चालू होतं, हेच वाईट. का अडलं होतं ते कोणालाच कळत नाही आणि गिऱ्हाइकाचा टॅलीचा डेटा जातो तो जातोच.

दोंडाईच्याच्या एका अडत्याचा संगणक लोगोवर अडायचा. नुसता डबा घेऊन आले. दुकानात धडाधड चालू. घरी नेला, पुन्हा तेच. तिकडे दुसऱ्या कोणीतरी फॉरमॅटही मारला होता. मी म्हटलं, काका, टेबलावर जे जे आहे ते वायरींसकट घेऊन या. रागावले, पण गोणीत भरून घेऊन आले. सगळं जोडलं, आणि अडला! एकेक वायर काढत गेलो. प्रिंटर काढल्याबरोबर पुढे सरकला. प्रिंटरच्या खाचेत जुन्या मोबाइलचं मेमरी कार्ड अडकलेलं. बायोस दर वेळी त्याच्यावर बूट करायला काही सापडतं का बघायचा आणि तिथेच बसायचा. कार्ड काढलं, बूटच्या क्रमात हार्ड डिस्क पहिली केली.

‘पार्ट बदलला नाही, फॉरमॅट मारला नाही, मग पैसे कशाचे?’ काकांनी विचारलं. घासाघीस करून निम्म्यावर आणलं. वर त्या कार्डात मुलीच्या साखरपुड्याचे फोटो निघाले, तेही पेन ड्राइव्हवर काढून घेतले, त्याच पैशात.