कर्कवृत्ताच्या अलीकडे

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास बेळगावात माणसाची सावली नाहीशी होते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि अंगणात उभी केलेली काठी आपली सावली आपल्याच पायाखाली घेते. ऑगस्टच्या ९-१० तारखेला हेच पुन्हा घडते. तीस वर्षे भूगोल शिकवतो आहे, पण वर्गाला हा प्रयोग दाखवण्याचा योग काही आला नाही. मेमध्ये शाळेला सुट्टी, आणि ऑगस्टमध्ये आमच्याकडे सूर्य दिसेल तर शपथ!

ही बिनसावलीची दुपार म्हणजे उष्ण कटिबंधाचा रहिवासी दाखलाच. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना साडेतेवीस अंशांपर्यंतच, सूर्य असा माथ्यावर येतो. गोवा, हैदराबाद, बडोदे आत आहेत. इंदूर जेमतेम आत. ग्वाल्हेरकरांनी मात्र कितीही उकाडा सोसला तरी ते बाहेरचेच!

आमच्या मुलांना उष्ण कटिबंधातील अरण्य म्हटले की ॲमेझॉन आठवते. उत्तरपत्रिकेत ॲनाकोंडा येतो, माकडे येतात, सदाहरित वने येतात. खानापूरच्या पुढे कणकुंबीला जाणाऱ्या एस.टी.त बसले की दोन-अडीच तासांत आपण त्याच गोत्रातल्या रानात उतरतो, हे कुणी लिहीत नाही. पुस्तकात नाही ते उत्तरपत्रिकेत कुठून येणार?

पृथ्वीला सूर्याची सर्वांत जास्त ऊब मिळते ती या पट्ट्यात. तापलेली दमट हवा वर चढते, पाऊस पाडून कोरडी होते आणि तिसाव्या अंशाच्या आसपास खाली उतरते. सहारासारखी वाळवंटे त्या उतरत्या हवेखालची. खालून वारे पुन्हा विषुववृत्ताकडे धावतात. व्यापारी वाऱ्यांचे हे कोडे १७३५ साली जॉर्ज हॅडली नावाच्या एका इंग्रज वकिलाने बरेचसे उलगडले. (वकिलांनी असे उद्योगही करावेत.) या चक्रामुळे आणि सागरी प्रवाहांमुळे इथली उष्णता ध्रुवांकडे वाटली जाते, नाहीतर युरोपात थंडीने माणसे गारठली असती आणि आपण भाजून निघालो असतो.

पण माझे मन रमते ते झाडांच्या कामात. एनेआस सलाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनचे प्रकार तपासून दाखवले, की ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचा सुमारे अर्धा भाग जंगलानेच पुन्हा आभाळात पाठवलेला असतो. समुद्राचे ढग एकदा येतात. तेच पाणी झाडे मुळांनी ओढून, पानांतून सोडून पुढे पुढे देत राहतात. आपल्या घाटातही असेच काही चालते. पश्चिम घाटाच्या रानांतून उठणाऱ्या बाष्पाचा तामिळनाडूच्या मान्सूनच्या पावसात मोठा वाटा असतो, आणि मान्सून रुसला की तो आणखी वाढतो, असे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ साली मांडले. चेन्नईच्या नळाचे नाते आमच्या जांभळी-हिरड्याशी लागते, ते असे.

आणि हे रान तोडले तर? आमच्या शाळेची जुनी इमारत जांभ्या दगडाची आहे. मुलांना मी तिच्या भिंतीपाशी उभे करतो. सततचे ऊन आणि सततचा पाऊस यांनी मातीतले सकस ते सारे धुऊन नेले की मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरते, त्याचा हा जांभा. उष्ण कटिबंधातल्या अरण्याची श्रीमंती बहुतांशी जमिनीत नसते. ती झाडात, पानात, कुजणाऱ्या पाचोळ्यात असते. म्हणून झाडे गेली की श्रीमंतीच उठून जाते. जगातल्या जमिनीच्या सहा-सात टक्क्यांवर उभ्या असलेल्या या वर्षावनांत निम्म्याहून अधिक जीवजाती आहेत. त्यांतला एक तर आमच्या तालुक्यातलाच: भीमगडच्या बारापेडे गुहांतले रॉटनचे वटवाघूळ. १९१३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले आणि त्यानंतर कितीतरी दशके जगात ते केवळ इथलेच म्हणून माहीत होते. पुढे मेघालयात व कंबोडियातही सापडले.

२०११ साली भीमगड अभयारण्य झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटरचे. ते व्हायलाच हवे होते. महादयी इथून पश्चिमेला गोव्याकडे जाते, आणि कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला वळून हुबळी-धारवाडची तहान भागवते. पण या रानात मराठी बोलणाऱ्या वाड्याही आहेत. तिथल्या एका मुलाचे वडील भातकापणी आटोपली की वसतिगृहात येऊन जातात. पावसाळ्यात त्यांच्या वाटेवरचा ओढा फुगला की आजारी माणसाला खांद्यावरून आणावे लागते. अभयारण्य म्हणून पक्का रस्ता होत नाही. ते एकदा शांतपणे म्हणाले, "सर, पाऊस आमच्याकडं पडतोय, पाणी खाली जातंय, आनि आमी तेवढे हितंच अडकतोय."

त्यांना मी वटवाघळाचे महत्त्व सांगितले नाही. जगाला ज्या रानाची गरज आहे ते राखण्याची किंमत, ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे त्याच्याकडून पहिल्यांदा वसूल करायची, ही रीत मला पटत नाही. ब्राझीलमध्ये पटत नाही तशी इथेही नाही. ओढ्यावर एक साकव झाला म्हणून मान्सून परत जाणार नाही.

यंदा त्यांच्या वाडीत स्थलांतराचे अर्ज आले. अर्ज कानडीत. मुलगा दहावीत आहे. माझ्या खोलीत बसून तो एकेक रकाना वडिलांना मराठीत समजावून सांगत होता. जमीन किती, घर कसले, माणसे किती. मग आला झाडांचा रकाना. वडिलांनी आंबे दोन, फणस तीन, भिरंडे पाच असे लिहवून घेतले. थोडे थांबून विचारले, "आनि मध काढतो ती झाडं? ती आमच्या नावावर न्हाईत, पन कुटं लिवायची?" मुलाने माझ्याकडे पाहिले. मी तो कागद उलटसुलट करून बघितला. त्याला जागा नव्हती.

अर्ज अजून दिलेला नाही. मुदत मार्गशीर्षापर्यंत आहे.