थंडीचा अंदाज बीडचा, माणसं उसाच्या फडात

थंडी वाढणार अशा बातम्या आल्या की आपल्या बालाघाटावरचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. पाटोदा, शिरूर, धारूर, केज... पारा किती उतरणार, ज्वारीला मानवेल का, हरभऱ्यावर आभाळ यायला नको, अशी चर्चा सुरू. ती व्हायलाच पाहिजे. पण मंडळी, दिवाळी झाली की डोंगरपट्ट्यातलं अर्धं गाव असतंय कुठं?

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाहीतर बेळगावकडं. उसाच्या फडात.

माझे मामा-मामी वीस वर्षांपासून कोयत्यावर जातात. मामी फोनवर म्हणते, "आपल्या माळावरची थंडी कोरडी रं. इथली वली, अंगात शिरती." मामी शाळेत गेलेली नाही, पण बोलणं शास्त्राला धरून आहे. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन लवकर निवते. गार हवा जड असते, ती उतारानं खाली येऊन नदीकाठच्या सखल भागात साठते. त्यात उसाला पाणी दिलेलं, म्हणून दव आणि धुकं. पहाटे चारला फडात शिरलं की पाल्यावरच्या दवानं कपडे भिजतात, ते ऊन वर येईपर्यंत अंगावरच.

आता सरकारी हिशेब बघा. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी झालं, की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. ४ अंशांवर आलं तर थेटच. म्हणजे १२ अंशांना लाट नाही. पक्क्या घरात, गोधडीत १२ अंश निभतात. ओल्या कपड्यात, कोपीत, तान्ह्या लेकराला घेऊन निभत नाहीत. शेकोटी पेटवावी तर कोपी पाचटाची. एक ठिणगी पुरते.

"ऊन पडल्यावर कामाला जा" हे सांगणं सोपं आहे. मजुरी टनावर, उचल डोक्यावर, आणि गाडी येईल तेव्हा भरायची.

म्हणून मागण्या साध्या आहेत. टोळी ज्या तालुक्यात आहे, तिथला अंदाज कारखान्यानं मुकादमाच्या फोनवर रोज संध्याकाळी पाठवावा. कडक थंडीत तोड उशिरा सुरू झाली तर गाड्यांचं वेळापत्रक तसं बदलावं, मजुराचा खाडा धरू नये. कोपीसाठी ताडपत्री आणि लेकरांना ब्लँकेट हंगामाच्या सुरुवातीलाच मिळावं, जानेवारीत फोटो काढण्यापुरतं नको. आणि इकडं गावात म्हाताऱ्यांजवळ राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं वेळेत सुरू व्हावीत.

तोवर आपण एवढं तरी करू. बीडचा अंदाज ग्रुपवर टाकताना, आपलं माणूस ज्या तालुक्यात आहे तिथला अंदाज बघून त्याला फोन करू. तुमच्या गावच्या टोळ्या यंदा कुठं आहेत? कमेंटमध्ये लिहा.