लाल तुकड्याच्या पोटातली जाळी

परवा पनवेलला पावसात वीज गेली आणि त्या अंधारात मी जे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही! भाच्यानं थ्री-डी प्रिंटरवर काढलेले पीएलए प्लास्टिकचे तुकडे टेबलावर पडले होते. "मामा, सेल्फी कॅमेरा लाव आणि टीव्हीच्या रिमोटचं बटण दाब." दाबलं. नुसत्या डोळ्यांना काहीच नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिणगी लुकलुकली. अवरक्त प्रकाश, साधारण ९४० नॅनोमीटरचा!

मग त्यानं मध्ये गडद लाल तुकडा धरला. भर दिवसा ज्याच्या आरपार काही दिसत नाही, तो पडद्यावर आकाशकंदिलासारखा उजळला. आणि आत? प्रिंटरनं पोटात भरलेली इन्फिलची जाळी, षटकोन न् षटकोन, सावलीसारखी उमटली! काळा तुकडा मात्र ढिम्म. त्याच्या रंगात काजळी आहे, आणि काजळी अवरक्तही गिळते. एमआयटीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हेच हेरून, अवरक्त आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या वस्तूंच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कोड छापले.

आता मोजल्याशिवाय चैन पडेना. सतत पेटता अवरक्त एलईडी, समोर फोटोडायोड, त्याला मल्टिमीटर. तुकडा डायोडला चिकटवला की आकडा चढतो, बोटभर मागे घेतला की उतरतो. तुकडा तोच! तासभर आम्ही तो पुढेमागे सरकवत होतो. मग उमगलं, प्रकाश सगळा गिळला जात नाही, थराथरांतून तो विखुरतो आणि डायोडच्या बाजूनं निसटतो. म्हणून तर प्रयोगशाळेत आतून पांढरा, लांब तरंगांसाठी सोन्याचा मुलामा दिलेला पोकळ गोल वापरतात. विखुरलेला प्रकाशही त्यात सापडतो. आरपार गेलेला आणि परतलेला वजा केला, की उरतो तो शोषलेला.

या शोषणावर अख्खी यंत्रं उभी आहेत. नायलॉनची भुकटी १०.६ मायक्रोमीटरचा लेसर चटकन पिते आणि वितळते. जवळच्या अवरक्ताला मात्र ती फारशी दाद देत नाही, म्हणून एचपीच्या प्रिंटरमध्ये हव्या त्याच जागी काळं द्रावण फवारून वरून दिवे फिरवतात.

आज तोच तुकडा उभा छापलाय. थरांची दिशा बदलली की आकडा बदलतो का, ते बघायचंय. आज वीज आहे, पण दिवे आम्हीच मालवलेत.