फुगावो म्हणजे चलनवाढ

आमच्या बमरोलीत लूमची खटखट रात्रीही थांबत नाही. पांडेसराच्या कारखान्यांना लागून ही वस्ती. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं इथे पोटासाठी आली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती. दहावीनंतर कॉमर्स घेतलं की पुस्तक बहुधा गुजरातीत, नाहीतर इंग्रजीत.

शेजारची पोर विचारते, “काकी, फुगा माहीत आहे, फुगावो काय?” म्हटलं, “चलनवाढ गं! तुझी आई म्हणते ना, पाचशेची नोट मोडली की गेली, तेच ते.” मागणीला गुजरातीत ‘माग’ही म्हणतात. हिच्यासाठी माग म्हणजे बाप चालवतो तो लूम! मक्तेदारीला ‘इजारो’. पोरगी हुशार, पण शब्दांपाशी अडते. अशीच अडली तर उद्या पुस्तक मिटून दिवसभर साड्यांवर खडे लावत बसेल.

घरी एकच मोबाईल, बापाचा. तो बारा तासांची पाळी करून आला की हिच्या हाती लागतो. त्यात आम्ही अँकीड्रॉइड घेतलं. फुकट आहे, आणि कार्डं एकदा केली की उजळणीला नेट लागत नाही. पुढच्या बाजूला गुजराती शब्द. मागे मराठी, इंग्रजी आणि घरातलं एक उदाहरण. विसरलेला शब्द लवकर परत येतो, पाठ झालेला काही दिवसांनी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 मध्ये तो प्रसिद्ध केला. आपल्या पाठशाळेतही नवी गाथा घेण्याआधी जुनी म्हणवून घेतात. त्यालाच परावर्तना म्हणतात.

पण नुसत्या परावर्तनेने भागत नाही, अनुप्रेक्षाही हवी. लवचीकता हा शब्द अ‍ॅपने पाठ करून घेतला. मीठ महागलं तरी घेतोच, साडी महागली तर थांबतो, हे आम्ही चुलीपाशी बोललो तेव्हा तो कळला. मग तिनेच विचारलं, “काकी, खड्यांच्या साडीचा दर व्यापारीच का ठरवतो?” काम मागणाऱ्या बाया ढीगभर, देणारा एकच, ही खरेदीदाराची मक्तेदारी. ते कार्ड तिने स्वतः बनवलं.

बायांनो, पोरीच्या हातात मोबाईल द्यायची धास्ती मलाही कळते. नेट बंद करा, घड्याळ लावून पंधरा मिनिटं द्या आणि शेजारी बसा. दोन शब्द आपल्यालाही येतील.