एका वॉटाचा हिशेब

मोठ्या कर्ण्यास मोठी शक्ती हवी, अशा भाबड्या समजुतीने आम्ही १०० वॉटांचा ॲम्प्लिफायर घरी आणला. वडिलांनी जपलेली, १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावली. पण स्वर विसावताच यंत्राची भुणभुण पुढे सरसावली! दोष यंत्राचा नव्हे, आमच्या हिशेबाचा होता. एका वॉटास, एक मीटरवर, ८४ डेसिबल देणाऱ्या पेटीला जिथे १०० वॉट लागतात, तिथे १०४ डेसिबलचा कर्णा एका वॉटात भागवतो. मात्र भुणभुणही तो तितकीच वाढवून ऐकवतो. अखेर ८ वॉटांचा, शांत स्वभावाचा ट्रायोड आला. आता विरामात उरते ती तबकडीची जुनी खरखर. ती वडिलांनीही ऐकली होती. ती मात्र आम्हांस घालवावयाची नाही.