काळविटाचा माज आणि पारध्याचा फास

मराठवाड्यातील काळविटाच्या पारधीचा विचार त्याच्या माजापासून, म्हणजे प्रजननकाळात नराला येणाऱ्या उन्मत्त अवस्थेपासून, सुरू करावा लागतो, कारण एरवी उघड्या माळावर कोणालाही जवळ फिरकू न देणारा आणि भरधाव पळून जाणारा हा प्राणी या काळात एका जागेला धरून राहतो. वर्षभर थोडाफार चालणाऱ्या या माजाचा जोर उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढतो. धर्माबादच्या काळ्या रानात पहिला भर हरभरा निघाल्यावर, तर दुसरा उभ्या सोयाबीनच्या कडेने पाहावयास मिळतो.

धर्माबादजवळच्या बाभळी गावाच्या बाजूला, गोदाकाठच्या शिवारात एका वयोवृद्ध फासेपारध्यासमवेत पहाटे हिंडताना प्रस्तुत लेखकाला या जागेच्या ओढीचा अर्थ उमगला. कळप दूरवर स्पष्ट दिसत असतानाही त्यांची नजर ढेकळांवर खिळलेली होती आणि अखेर ती लेंड्यांच्या एका पसरट ढिगावर थांबली, जिथे जुन्या, पांढुरक्या पडलेल्या लेंड्यांवर त्याच पहाटेच्या काळ्याभोर, ओलसर लेंड्या होत्या आणि शेजारच्या तुरीच्या खुंटावर नराच्या डोळ्यापुढील ग्रंथीतून पाझरणारा चिकट द्राव लागलेला होता. हा ढीग म्हणजे त्या नराच्या हद्दीची खूण. तो तिथे पुन्हा पुन्हा येतो, मान ताठ करून शिंगे पाठीवर टाकतो, घोगरा आवाज काढतो आणि दुसऱ्या नराला आत शिरू देत नाही.

पारध्यांचे सारे शास्त्र या ईर्षेवर उभे होते. शिकवलेल्या गायीच्या आडोशाने कळपाजवळ सरकणे आणि खुंट्यांना बांधलेल्या चिवट सरकफासांच्या ओळीकडे जनावरे हळूहळू वळविणे ही त्यांची नित्याची रीत असली, तरी माजाच्या काळातील खरी करामत पाळीव काळविटाची होती. त्याच्या शिंगांना फास बांधून त्याला हद्द राखणाऱ्या रानटी नरासमोर सोडले जाई. दोघांची झुंज जुंपली की रानटी नराची शिंगे फासात गुरफटत आणि दबा धरून बसलेला पारधी धावून त्याला पकडी. काळवीट चितळा-सांबराप्रमाणे शिंगे गाळत नाही, पिळदार शिंगे त्याच्या डोक्यावर आयुष्यभर राहतात, म्हणून ही युक्ती साधे. हरणाकडून हरीण धरण्याच्या अशाच पद्धतीचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केले आहे, आणि पिंजऱ्यातल्या तितराच्या हाकेने रानातला तितर लढायला बोलावून फासात घेण्याची पारध्यांची रीतही याच जातकुळीतली आहे. कोल्हापूरसारख्या संस्थानांत चित्त्यांकरवी होणाऱ्या शिकारीचा गाजावाजा अधिक झाला. परंतु तिथे जनावराचा वेग वेगाला भिडत असे, तर इथे त्याचा स्वभाव ओळखावा लागे, आणि जाणकारीच्या कसोटीवर पारध्याची विद्या नि:संशय वरचढ ठरते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, स्थान दिले आणि ते योग्यच होते. मात्र 1871 पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला आणि स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्ये, कागदोपत्री तो पुसला गेला, त्यांच्यापैकी पारध्यांना संशयाच्या नजरेतून आजही सुटका नाही. त्यामुळे पारधीबद्दल बोलणेच त्यांना धोक्याचे वाटते आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ही माहिती नोंदीवाचून लोपत आहे, ही हानी कोणत्याही ग्रंथालयाच्या नाशाइतकी मोठी मानावी लागेल.

वस्तुतः या माहितीची गरज आज शेतकऱ्यालाच अधिक आहे. कोवळे सोयाबीन आणि हरभरा खुडणाऱ्या कळपांपायी त्याला रात्र रात्र जागलीवर काढावी लागते, आणि जागल करणारा सहसा सगळ्या बांधांवरून सारखाच फिरतो. त्या पहाटेच्या सोबत्यांनी मात्र ताजा ढीग पाहून सभोवतालच्या धुऱ्यांपैकी नेमका एक दाखविला आणि माद्या याच वाटेने नराच्या हद्दीत उतरतील, राखण इथे बसवा, असे शेतमालकाला सांगितले.